चावी काढल्यावरचा खोकला

उर्मिलानं गाड्यांच्या विजेचं काम करणाऱ्या सुखदेवला सौंसरच्या बसस्टँडवर गाठलं, तेव्हा तो एका बसच्या डायनामोत हात घालून बसला होता. उर्मिला इथलीच लेक, पांढुर्ण्याला दिलेली. बूडही न टेकता म्हणाली, "दादा, बाबा आईले घेऊन जाऊन राहिले."

बाबा म्हणजे गुणवंतराव. पोळा झाला आणि गेले. सारी उमर सरकी काढायच्या कापसाच्या जिनात गेली, धूळ छातीत बसली. शेवटी शेवटी बोलणं कमी आणि खोकणंच जास्त. मागं राहिली बायको आणि एक जपानी गाडी. आखातातून परतलेल्या कोणाकडून तरी त्यांनी ती नागपुरात हौसेनं घेतली होती. आता ती गाडी चावी काढली तरी खोकायची. आई रोज दुपारी टिनाच्या शेडमध्ये जाऊन ती चालू करायची, चावी काढून तो खोकला ऐकत आत बसायची आणि डोकं धरून, भेलकांडत बाहेर यायची. काल तर ओकलीसुद्धा.

"भूतबित काही नसते, ताई," सुखदेव म्हणाला. हे तो गावभर सांगत फिरायचा. घरी बुद्धवंदना, बाहेर टेस्ट लॅम्प; दोन्हीत भुताला जागा नव्हती. बढाई जरा जास्तच मारायचा, पण कामाला पक्का होता.

शेडमध्ये भर दुपारी अंधार होता. उर्मिलाची आई, मंगलाबाई, ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर पदर नीट घेऊन बसल्या होत्या. नवऱ्यासोबत गावाला निघाल्यासारख्या.

"गाडीले काही झालं नाई," त्या म्हणाल्या.

"पाहून तर घेऊ द्या, काकू."

त्यानं बोनेट उघडलं. गाडी कालपासून उभी होती, सगळं लोखंड गार. कार्ब्युरेटरच्या बाजूला अंगठ्याएवढा विजेचा व्हॉल्व्ह होता. त्याला बोट लागलं आणि सुखदेवनं हात झटकन मागं घेतला. तो कोमट होता. चावी मंगलाबाईंच्या पदराच्या गाठीत, इंजिन थंड, आणि एवढंच एक अंग कोमट.

व्हॉल्व्ह कशासाठी असतो ते त्याला ठाऊक होतं. धूर कमी निघावा म्हणून या परदेशी गाड्यांना पेट्रोल मोजूनमापून देतात, त्यानं इंजिन जास्त तापतं. तापलेलं इंजिन ठिणगी नसतानाही पेट्रोल पेटवत राहील म्हणून हा व्हॉल्व्ह. चावी फिरवली की याची वीज बंद, आणि वीज बंद की पेट्रोल बंद. मग हा आत्ता जागा कसा?

त्यानं चावी मागितली.

"दार लोटून घे," मंगलाबाई म्हणाल्या. "शेजारचे ऐकतात."

त्यानं शेडचं दार लोटलं. बाईमाणसाचा शब्द मोडवला नाही, आणि तिथंच चुकला. मग गाडीबाहेरूनच खिडकीतून हात घालून त्यानं ती चालू केली. इंजिन चांगलं तापू दिलं. मग चावी काढली.

गाडी थरथरली. खक, खक. मग एक लांबलचक ढास, मग कोंडलेला श्वास. पुन्हा खक. सुखदेवच्या मानेवरचे केस उभे राहिले. गुणवंतराव त्याच्या दुकानात बाकावर बसून अगदी असेच खोकायचे.

मंगलाबाई रिकाम्या ड्रायव्हरच्या सीटकडे वळल्या. "पानी पेता का?" त्यांनी हळूच विचारलं.

आणि सुखदेवला स्टेअरिंगमागं पांढरा सदरा दिसला. दिसला म्हणजे दिसलाच. डोक्यात घण पडत होते. त्यानं ओरडायला तोंड उघडलं आणि धुराचा घोट आत गेला. त्या घोटानंच तो भानावर आला. बंद गॅरेजात इंजिन चालू ठेवणारा माणूस बसल्या जागी निजतो आणि उठत नाही, हे त्याच्या उस्तादानं पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

त्यानं लाथेनं दार उघडलं, मंगलाबाईंना दंडाला धरून ओढत संत्र्याच्या झाडाखाली आणलं आणि स्वतः बाजूला जाऊन ओकला. उर्मिला रडतच पाणी घेऊन धावली.

शेड मोकळी झाल्यावर तो परत गेला. चावी खिशात होती. व्हॉल्व्हची वायर काढून तिला त्यानं टेस्ट लॅम्प लावला. लॅम्प पेटला. म्हणजे वीज दुसरीकडूनच येत होती. तो वायर चाचपत फ्यूजच्या डब्यापर्यंत पोचला आणि थांबला.

तिथं वाळून काळी पडलेली लिंबं होती, मिरच्या होत्या, बिब्बा होता. बैल विकल्यापासून गुणवंतराव पोळ्याला गाडीचीच पूजा करत. दोरा गरमीनं जळतो म्हणून त्यांनी ही नजरेची माळ तांब्याच्या तारेत ओवली होती, आणि पोरं तोडतात म्हणून बोनेटच्या आत बांधली होती. तारेचं एक टोक सदा वीज असलेल्या फ्यूजला गुंडाळलेलं, दुसरं व्हॉल्व्हच्या वायरवर. त्या वायरचं रबर वितळलं होतं, म्हणून चावी काढली तरी तारेतून व्हॉल्व्हला वीज मिळत होती आणि पेट्रोल चालूच राहत होतं.

"यायनंच बांधलं ते," मंगलाबाई दारात येऊन उभ्या होत्या. "श्वास पुरत नव्हता, तरी वाकून बांधलं."

"काढावं लागते, काकू."

"नको काढू, सुखदेवा. तेवढंच तं बोलतात ते."

"बोलत नाई, काकू, जीव घेऊन राहिले तुमचा!"

बोलून गेला आणि त्यानं जीभ चावली. मंगलाबाईंनी एका वाळल्या लिंबाला बोट लावून पाहिलं.

"त्यायले हे चाललं नसतं," त्या शेवटी म्हणाल्या. "सरक तू."

त्यानं बॅटरी सोडवली. मंगलाबाईंनी तारेचा एकेक वेढा स्वतः उलगडला. नवऱ्याची गाठ त्यांच्या बोटांना ठाऊक होती.

सुखदेवनं वायर पट्टीनं गुंडाळली, बॅटरी जोडली, गाडी अंगणात ढकलून आणली आणि पुन्हा तशीच तापवली. मंगलाबाई आपल्या नेहमीच्या जागी बसल्या होत्या. "आता तुम्हीच बंद करा," तो म्हणाला.

त्यांनी हात लांबवून चावी फिरवली. इंजिन जागच्या जागी थांबलं. त्या रिकाम्या सीटकडे कान देऊन बसून राहिल्या. सुखदेवही, भूतबित न मानणारा, श्वास रोखून उभा होता. संत्र्याच्या झाडात एक कावळा तेवढा हलला.

"आता गेले," मंगलाबाई म्हणाल्या आणि पोळ्यानंतर पहिल्यांदा मोकळ्यानं रडल्या.

उर्मिला गाडीला वळसा घालून आली. दार उघडून ती बापाच्या जागेवर बसली आणि तिनं आईच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"आई," तिनं विचारलं, "पानी पेतं का?"