माझ्या इंजिनखोलीतले पाच जण

मी एक जुनी युद्धनौका आहे, मित्रांनो. फिलिपिन्सच्या एका किनाऱ्यावर चिखलात रुतून बसले आहे आणि उद्यापासून मला तोडणार आहेत. त्याचं मला फारसं दुःख नाही. दुःख दुसऱ्याच गोष्टीचं आहे.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत मला घाईघाईनं बांधलं. मालवाहू जहाजांची राखण करायची, हे माझं काम. एका सकाळी टॉर्पेडो लागला आणि मागच्या इंजिनखोलीत समुद्र घुसला. बाकीचे वाचावेत म्हणून वरचं पोलादी झाकण बंद केलं. खाली पाच जण होते. ते बराच वेळ लोखंडावर ठोकत राहिले. मग थांबले. पुढे त्यांचे देह काढले, माझी डागडुजी झाली, पण ते पाच जण खालीच राहिले.

युद्धानंतर मला फिलिपिन्सला देऊन टाकलं. नवं नाव, नवा झेंडा. इंजिनखोलीत आला इलोकोस प्रांतातला मेलेसियो. सगळे त्याला मानोंग म्हणत, म्हणजे थोरला भाऊ. आपोआप सरकणारा पाना त्यानं पहिल्याच आठवड्यात पाहिला. घाबरला नाही. रोज जेवणाआधी कोपऱ्यात भाताची बशी ठेवू लागला.

"मानोंग, अमेरिकन भुतं भात खातात होय?" त्याचा जोडीदार फाउस्तो चिडवायचा.

"मग तू बटाटे सोलून दे त्यांना. गप बस आणि ते सांडलेलं तेल पूस."

वीस वर्षं ती बशी चुकली नाही. एवढी माया त्यांना स्वतःच्या देशातही मिळाली नव्हती.

मी म्हातारी झाले. निरोपाच्या दुपारी इलोकोसचे खलाशी उतरताना आपापलं नाव मोठ्यानं घेत होते. जागा सोडताना स्वतःला हाक मारायची, नाहीतर जीव मागेच घुटमळतो, अशी त्यांची समजूत. "चल रे फाउस्तो, घरी चल!" म्हणत फाउस्तोही गेला.

मेलेसियो मात्र पुन्हा खाली आला. त्या पाचांनाही न्यायचं त्याच्या मनात होतं. पण नावं कुठं ठाऊक होती? त्यानं दोनदा अमेरिकेला पत्र लिहून विचारली होती, उत्तर आलं नाही. शेवटी त्यानं पाच वेळा हाक मारली, "जो, चल! ऊठ जो, घरी चल!" त्याच्या गावात प्रत्येक अमेरिकन माणसाला जोच म्हणतात.

मित्रांनो, त्यांच्यात खरोखरच एक जो होता. एकोणीस वर्षांचा. तो उठला आणि मेलेसियोच्या मागोमाग शिडी चढून गेला. मेलेसियोला वाटलं, सगळेच निघाले. "सुटले बिचारे," म्हणत त्यानं डोळे पुसले.

चौघे अजून खालीच बसले आहेत. मी कितीही ओरडले तरी माणसांना ती पत्र्याची करकर वाटते. म्हणून तुम्हाला विनवते. दुसऱ्याची जुनी वस्तू घ्याल, तेव्हा तिच्यात कोण राहिलंय ते आधी विचारा. आणि आज, माझे तुकडे व्हायच्या आत, ही नावं मोठ्यानं घ्या: अर्ल. वॉल्टर. हार्लन. क्लिफर्ड. त्यांना म्हणावं, चला, घरी चला.