बिनफोडणीचा पास्ता

माझ्या सासूबाई, मथुराबाई, मांजरी गावातल्या घरात वारल्या आणि ते त्यांच्या लेकाच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, आधी मला कळलं. असलं ओझं वैरिणीच्याही वाट्याला येऊ नये.

फोन थोरल्या दिरांचा, दत्तोबांचा होता. म्हणाले, "आई गेली गं प्रेमला. सर्जा कामावरनं आला की आधी त्याला जेवू घाल, मग सांग. बहिणी यायच्यात, सकाळी माती हाय."

आमच्यात असंच करतात. मरणाची बातमी उपाशी पोटी सांगत नाहीत, कारण एकदा ती कानावर पडली की माणूस अन्नाला शिवत नाही. त्यात सर्जेरावांना साखरेचा आजार. हडपसरच्या कंपनीत दुपारी डबा खाल्लेला माणूस उद्या माती होईपर्यंत तसाच राहिला, तर त्यालाच दवाखान्यात न्यायची पाळी यायची. म्हणजे मला आत्ताच्या आत्ता काहीतरी शिजवायला हवं होतं.

कणीक मळायला घेतली तर हात चालेनात. शिवाय सुतकात फोडणी घालत नाहीत, आणि सुतक ऐकल्यापासून लागतं. ऐकलं होतं मी. आता बिनफोडणीचं काय करायचं, कपाळ माझं? साधा वरणभात वाढला असता तर यांनी लगेच विचारलं असतं, कोण आजारी आहे म्हणून. तेवढ्यात फळीवरचं पास्त्याचं पाकीट दिसलं. आमच्या उल्कानं आणलेलं, सगळ्यात स्वस्तातलं. पोरगी कधीची मागे लागली होती आणि मी रविवारवर ढकलत होते. ती म्हणाली, "मम्मी, काही नसतं त्यात, एकाच कढईत सगळं टाकायचं." कांदा, टोमॅटो, लसूण, तिखट-मीठ, पास्ता, वरून पाणी, की झाकण. फोडणी नको, पाणी निथळायची भानगड नको. मी गॅस पेटवला, पोरीला चीज आणायला खाली पिटाळलं आणि ओट्याला धरून रडून घेतलं.

रडू नुसतं त्या गेल्याचं नव्हतं. मायलेक दिवाळीपासून बोलत नव्हते. शेतावर इमारती उठल्या, तरी म्हातारी जुनं घर सोडून आमच्याकडे बिबवेवाडीला यायला तयार नव्हती. हे चिडून बोलून बसले, राहा मग तिथंच, मी उंबरा चढणार नाही. तीही त्यांचीच आई, म्हणाली नको चढू. रोज दुपारी मला मात्र फोन करायची आणि पहिलं विचारायची, जेवला का गं तो? मी यांना सांगून सांगून थकले की तुम्ही लावा एक फोन. हे म्हणायचे, तिनं लावावा. असा राग यायचा ना मला दोघांचा!

सर्जेराव आले, हातपाय धुऊन ताटावर बसले. मला उपास आहे म्हणून सांगितलं. नशीब, कुणी कॅलेंडर बघितलं नाही. ताटात बघून म्हणाले, भाजीवाले संपावर गेले वाटतं, नळ्या खायची वेळ आली. उल्का खो खो हसली. मीही हसले, करता काय. पण पहिल्या घासानंतर गडी चवीनं खायला लागला.

मग खाता खाताच म्हणाले, "आईला चावेल ना हे? दात कुठं राहिलेत तिला."

मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"लय ताणलं आपण, प्रेमला. जेवण झालं की तिला फोन लावतो. म्हणतो, राहायला नको येऊस बाई, रविवारी नुसती जेवायला ये."

सांगावं तर ताटात अजून निम्मं होतं. "आधी जेवा," एवढंच म्हटलं.

आणि ते भराभर जेवायला लागले. एरवी ताटावर रेंगाळणारा माणूस, पण आता फोन करायची घाई झाली होती. मला वाटत होतं, सावकाश खावं, ताट संपूच नये. तोवर तरी त्यांची आई होती. कढईत उरलेलं सगळं मी त्यांना वाढलं. तेही त्यांनी संपवलं.

मी उल्काचं ताट उचलून आत ठेवेपर्यंत यांनी हात धुऊन फोन लावलासुद्धा. कानाला लावून उभे होते, ओठांवर हसू. मी जाऊन त्यांचा दंड धरला.

"अहो, आई गेल्या. मघाशी दादांचा फोन आला होता."

त्यांनी रिकाम्या कढईकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मी लावतो म्हणालो, तेव्हा तुला माहीत होतं?"

"हो."

मला वाटलं ओरडतील, कढई भिरकावतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. पण फोन त्यांच्या कानालाच होता आणि तिकडे रिंग वाजत होती. मांजरीत कुणीतरी तो उचलला. बायकांच्या रडण्याचा आवाज मलाही ऐकू आला.

"आई," ते म्हणाले, "मी सर्जा बोलतोय."