गोळी एकच्या रेघेवर

मुखेडच्या बाजारगल्लीत रेवणसिद्धआप्पांनी उभा जन्म मिरची कांडपात काढला. तिखटाचा खकाणा छातीत बसला तो बसलाच. आता नांदेडहून आणलेली ऑक्सिजनची मशीन त्यांच्या खाटेशेजारी सतत घुरघुरत असायची, आणि सून मंजुश्री तिच्यावर डोळा ठेवून असायची.

मशीनला एक उभी पारदर्शक नळी होती. बटण फिरवलं की नळीतली गोळी वर चढायची; गोळी जितकी वर, तितका ऑक्सिजन जास्त. नांदेडच्या डॉक्टरीणबाईंनी मंजुश्रीला समोर बसवून समजावलं होतं, "गोळी एकच्या रेघेवरच ठेवायची. बोटाच्या यंत्रात नव्वदच्या आसपास आकडा दिसला की पुरे. यांच्या शरीराला कमी ऑक्सिजनची सवय झालीय. जास्त दिलात तर श्वास मंदावेल, आतली खराब हवा बाहेर पडणार नाही आणि माणूस झोपेतच जाईल."

उदगीरहून आप्पांची थोरली बहीण, नीलम्माआत्या, भेटायला आली. भावाची धाप बघून तिनं आधी डोळे पुसले, मग नळीकडं पाहिलं.

"मंजू, ही गोळी तळाला का गं?"

"डॉक्टरांनी एकवरच सांगितलंय, आत्या."

"हवा काय डब्यातलं तूप हाय व्हय, चमच्यानं वाढायला?"

भेटायला आलेल्या शेजारणी हसल्या. आत्यानं बटण फिरवलं. गोळी पाचवर गेली. थोड्या वेळानं बोटावरचा आकडा अठ्ठ्याण्णव झाला, आप्पांची धाप ओसरली, गालांवर लाली आली.

"बघा, कसा राजावानी पडलाय माझा रेवण्णा."

मंजुश्रीनं बटणाकडं हात नेला.

"मी हाय न्हवं इथं? तू भाकरी टाक जा," आत्या म्हणाली.

आई गेल्यावर धाकट्या भावंडांना आत्यानंच वाढवलं होतं. या घरात तिचा शब्द कुणी खाली पडू दिला नव्हता. मंजुश्रीनं मागच्या दारी नवऱ्याला, संगमेशला गाठलं.

"तिला नको दुखवू," तो म्हणाला. "उद्या जाणारच हाय. गेल्यावर कर खाली."

मंजुश्री भाकरी थापत होती, पण कान बाहेर होता. आप्पांचा खोकला कधी थांबायचा नाही. तो थांबला होता. तिनं गॅस बंद केला आणि बाहेर धावली.

"हळू गं," आत्या कुजबुजली. "लई दिसांनी डोळा लागलाय त्याचा."

आकडा तसाच झकास होता. मंजुश्रीनं छातीकडं पाहिलं. ती एकदा वर आली, मग बराच वेळ हललीच नाही. मंजुश्रीनं गोळी एकवर आणली, आप्पांना हाका मारल्या, गदागदा हलवलं. पापण्या उघडल्या, नजर कुठंच नव्हती.

नांदेडला नेल्यावर डॉक्टरांनी तोंडावर घट्ट मास्क बसवून यंत्रानं श्वास आत ढकलून पाहिला. दिवस मावळायच्या आत आप्पा गेले.

आत्या दवाखान्याच्या पायरीवर बसली होती. शेजारी संगमेश भिंतीला टेकून उभा होता.

"डॉक्टरीण तुला म्हणली होती, झोपेत जाईल म्हणून?" तिनं समोर उभ्या मंजुश्रीला विचारलं.

"हाव, आत्या."

"मग माझा हात का न्हाई धरलास?"

संगमेशनं मान खाली घातली. मंजुश्रीच्या ओठांवर शब्द आले होते, पण आत्याला उलटून बोलणं तिला आत्ताही जमलं नाही.