खाली जाताना सदुसष्ट

शाळा बैठी, एकमजली. त्यामुळे वजन आणि वस्तुमान यांतला फरक दाखवायला विज्ञानाच्या बाईंनी नववीतल्या चार मुलींना थेट आपल्या इमारतीत आणलं. नऊ मजले, एक लिफ्ट, आणि घरातून आणलेला गोल तबकडीचा जुना वजनकाटा, एवढीच प्रयोगशाळा.

काटा लिफ्टमध्ये मांडला, पण त्यावर उभं राहायला एकही मुलगी तयार होईना. मैत्रिणींसमोर आपलं वजन कोण उघड करणार?

"सरका गं, मी राहते," मागून आवाज आला. बाईंची नणंद. कोपऱ्यावरची बेकरी तिची. महिनाअखेर वजन सत्तरच्या आत आणा, नाहीतर तुमचे गुडघे हात टेकतील, असं डॉक्टरांनी तिला नुकतंच बजावलं होतं.

नवव्या मजल्यावर तबकडीवर बहात्तर. दार लागलं, लिफ्ट खाली निघाली आणि काटा टुणकन मागे आला.

"सदुसष्ट!" नणंद किंचाळली. "वहिनी, पाच किलो उतरले!"

"वन्सं, जरा दम धरा."

लिफ्टचा वेग स्थिरावला तसा काटा पुन्हा बहात्तरवर. तळमजल्याला थांबता थांबता तर सत्त्याहत्तर!

"बिघडलाय मेला!"

"बिघडला नाही. तुमचे पाय त्याला किती दाबतात, तेवढंच तो सांगतो," बाई म्हणाल्या. "लिफ्ट खाली निघताना पायाखालचा आधार जरा सटकतो, दाब कमी होतो. थांबताना उलटं. एकाच वेगाने चालली की काही फरक नाही."

चष्मेवाल्या मुलीचे डोळे चमकले. "मग बाई, लिफ्ट मोकळी खाली पडली तर शून्य?"

"अगदी शून्य! काटा आणि माणूस सारखेच पडणार, मग दाबणार कोण कोणाला? अंतराळवीर तरंगतात ते असेच. पृथ्वी त्यांना ओढतच असते, ते यानासकट पडतच असतात. फक्त आडवा वेग इतका जबरदस्त, की पडता पडता पृथ्वीला वळसाच बसतो."

"आणि चंद्रावर माझं वजन?" नणंदेने आशेने विचारलं.

"हा काटा तिथे बारा दाखवेल."

"मग बेकरी तिकडेच हलवते!"

"हलवा. पण वस्तुमान बहात्तरच राहणार. धावत येऊन कुणाला धडकलात, तर तो इथल्याइतकाच आडवा होईल."

मुली हसून हसून भिंतीला टेकल्या. नणंदेची नजर मात्र काट्यावरच. मुली गेल्यावर ती काटा घेऊन पुन्हा वर गेली. खाली येताना नेमक्या क्षणी मोबाइलवर फोटो काढला आणि डॉक्टरांना पाठवला: 'सदुसष्ट!'

उत्तर लगेच आलं. 'अभिनंदन. काट्याशेजारी स्टीलचं दार दिसतंय. लिफ्ट का?'

नणंदेने जीभ चावली. खोटं बोलणं तिला जमेना. 'हो,' तिने कळवलं.

'छान. आजपासून लिफ्ट बंद. जिना.'

"वहिनी, तुमच्या विज्ञानाने माझा घात केला," ती पाचव्या मजल्यावर, कठड्याला धरून, धापा टाकत म्हणाली. बाई तिच्या सोबतीला जिनाच चढत होत्या आणि त्यांनाही तितकीच धाप लागली होती.

महिनाअखेर दवाखान्यातल्या काट्यावर एकाहत्तर भरले. सत्तरच्या आत नाहीच. पण आपली पाळी येईपर्यंत तिने बाकावरच्या तीन पेशंटना लिफ्टचा सगळा हिशेब हातवारे करून समजावला होता, आणि त्यांतले एक आजोबा तिला "बाई" म्हणू लागले होते.