कोर्नब्रुखवरचा विधुर

अमृताला लायडनमध्ये गाइडची नोकरी मिळाली. आता हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही आणि मीही लिहिलेलं नाही. रविवारची सकाळ आहे, नोकरी कुणालाही मिळालेली नाही, आणि माझी बायको अमृता स्वयंपाकघरात फोनकडे बघत "गेले, सगळे गेले" म्हणते आहे.

गेले म्हणजे वारले नाहीत. समुद्रावर गेले. हॉलंडात ऊन पडलं की दिलेला शब्द मोडायची मुभा असते, कायद्याने नसली तरी समाजाने दिलेली आहे. अमृताच्या चाचणी-फेरीला जुन्या लायडनमधून पायी हिंडायला मराठी मंडळी येणार होती, चांगला घोळका होता. ऊन पडल्यावर त्यातल्या उरल्या फक्त फोरबर्गच्या सुचित्राकाकू, कारण त्यांना ऊन सोसत नाही.

अमृता पुण्यात कॉलेजात इतिहास शिकवायची. इथे ती माझ्या व्हिसाची पुरवणी म्हणून आली. त्यानंतर तिने लायडनचा इतिहास पाठ केला आणि ऐकायला कुणी नाही म्हणून तो मला सांगितला. मी सॉफ्टवेअरवाला माणूस. लायडनला पडलेल्या जुन्या स्पॅनिश वेढ्याबद्दल मला जेवढं माहीत आहे तेवढं खुद्द वेढ्यातल्या लोकांना माहीत नसेल. तेव्हा ही नोकरी तिला मिळणं ही तिची इच्छा होती आणि माझी गरज.

पायी फेऱ्या काढणाऱ्या कंपनीला उन्हाळ्यात मुलांकडे येणाऱ्या आईबापांसाठी मराठी गाइड हवा होता. कंपनीचा मालक वाउटर. त्याच्या अटी दोन. चाचणीला किमान चार माणसं हवीत, आणि त्यांत गाइडचा नातेवाईक नको. नातेवाईक प्रत्येक विनोदाला हसतात, असं त्याचं म्हणणं. आमचे नातेवाईक त्याने पाहिलेले नव्हते.

"चारच हवीत ना?" माझे बाबा म्हणाले. ते आणि आई तेव्हा आमच्याकडे आलेले होते. "सुचित्राबाई, मी, ही आणि सौमित्र. झाले चार."

"बाबा, नातेवाईक चालत नाहीत," अमृता म्हणाली.

"मग आम्ही नातेवाईक नाही. त्यात काय एवढं?"

बाबा, म्हणजे चंद्रहास, पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाले आहेत आणि खात्याच्या नाट्यस्पर्धेत त्यांनी तीनदा इन्स्पेक्टर केला आहे. आंघोळ करून बाहेर येईपर्यंत त्यांची भूमिका तयार होती.

"मी रविकांत. राहणार नागपूर. विधुर."

"विधुर?" आईच्या हातातला चमचा थांबला. "विधुर कशाला? मी ही अशी समोर उभी आहे."

"अगं, भूमिकेला खोली लागते."

"तुमच्या खोलीसाठी मी मरू?"

"फक्त दुपारपर्यंत!"

आईने स्वतःचं लतिका हे नाव बदलायला नकार दिला, मी काय गुन्हा केलाय म्हणाली. मात्र मंगळसूत्र स्वेटरच्या आत ढकललं आणि एकटी प्रवास करणारी बाई व्हायला तयार झाली. तिचा चेहरा पाहता ती भूमिकेत जरा जास्तच शिरली होती. मी, सौमित्र, ब्रेडा गावचा ऋषभ झालो. आम्ही चौघे चार वेगवेगळ्या वाटांनी एकाच बसमध्ये चढलो.

वाउटर नगरभवनापाशी उभा होता. एवढा उंच माणूस की त्याच्याशी बोलताना अमृता छपरांचा इतिहास सांगते आहे असं वाटत होतं. हातात टॅब्लेट. मराठी त्याला येत नव्हती. तो म्हणाला, मला भाषा नको, मी चेहरे बघतो. गाइड आणि गट यांच्यात नातं तयार होतंय का, तेवढंच.

मी बायकोपासून दोन पावलं दूर सरकलो.

सुरुवात झकास झाली. अमृता बोलायला लागली की विटासुद्धा लक्ष देतात. अडचण फक्त आमची होती. आई मध्येच म्हणाली, "मॅडम, वारा आहे, कान झाका," आणि वाउटरने काहीतरी टिपून घेतलं. शिवाय ती बाबांना "अहो" म्हणून हाक मारत होती, पण त्यात धोका नव्हता. मराठीत नवऱ्याला आणि रस्त्यावरच्या परक्या माणसाला एकाच शब्दाने बोलावता येतं, आणि बऱ्याच घरांत सूरही तोच असतो.

खरा धोका म्हणजे सुचित्राकाकू. त्यांनी आमच्यापैकी कुणाला आधी पाहिलेलं नव्हतं, तरी आम्ही एक गोष्ट विसरलो होतो. मराठी माणूस परदेशात मराठी माणसाला अनोळखी राहू देत नाही.

"तुम्ही कुठले?" काकूंनी बाबांना विचारलं.

"नागपूर."

"नागपुरात कुठे?"

बाबा नागपूरला एकदाच गेले आहेत, गाडी बदलायला. "स्टेशनजवळ."

"स्टेशनच्या कुठल्या बाजूला?"

"आत," बाबा म्हणाले.

"रेल्वे क्वार्टर्स होय!" काकूंनी परस्पर सोडवलं आणि माझ्याकडे वळल्या. "आणि तू रे? लग्न झालंय?"

"बघतोय," मी म्हणालो.

वेढ्याची माहिती सांगता सांगता अमृताने माझ्याकडे बघितलं. वाउटरने तेही टिपलं.

"बघतोस म्हणजे कुठे बघतोस? मला सांगायचं ना!" काकू म्हणाल्या, आणि मग कळलं की त्या ब्रेडापासून ग्रोनिंगनपर्यंत मराठी लग्नं जमवतात. हल्ली त्यांनी ज्येष्ठांच्या दुसऱ्या लग्नांकडे लक्ष वळवलं होतं. तरुण पोरं भाव खातात, म्हातारी माणसं लवकर हो म्हणतात. हे सांगताना त्यांची नजर आधी विधुर रविकांतवर गेली, मग एकट्या लतिकाताईंवर, आणि तिथेच राहिली.

मी काकूंना एका चर्चचा मनोरा दाखवला. त्या म्हणाल्या, छान आहे, आणि बाबांच्या शेजारून चालायला लागल्या.

आम्ही कोर्नब्रुखवर आलो. हा कालव्यावरचा पूल. पूर्वी इथे धान्याचा बाजार भरायचा, आणि धान्य भिजू नये म्हणून पुलाला छप्पर आहे. अमृता वजनमापांबद्दल सांगत होती. खाली बोटींवरच्या कॅफेत लोक उन्हात पसरले होते.

"मिसेसना जाऊन बरीच वर्षं झाली का?" काकूंनी हळू आवाजात विचारलं. त्यांचा हळू आवाज पलीकडच्या काठाला ऐकू जातो.

आई कालव्यातल्या बदकाकडे बघत होती. बदक निघून गेलं तरी ती तिकडेच बघत राहिली.

"झाली," बाबा म्हणाले.

"कशाने गेल्या?"

एवढी खोली बाबांनी खणलेली नव्हती. "अपचनाने."

"अपचनाने?" आई गर्रकन वळली. "कुणाच्या हातचं खाऊन?"

"स्वतःच्याच," बाबा म्हणाले. सवयीने खरं बोलायला गेले की खोटं, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

काकूंना आईचं वळणं म्हणजे रस वाटला. "लतिकाताई, माणूस बरा वाटतो हो. काय विचारायचं ते मोकळेपणाने विचारा."

"विचारतेच. चहा तरी करता येतो का यांना?"

"कसा येणार? हिने, म्हणजे तिने, स्वयंपाकघरात कधी येऊच दिलं नाही."

"येऊ दिलं नाही? चाळीस वर्षं दार सताड उघडं होतं! एकदा तरी आत पाऊल टाकलंत? पाणी प्यायलासुद्धा बाहेरूनच ओरडता!"

काकूंच्या भुवया वर गेल्या. "तुम्हाला हो कसं ठाऊक?"

वाउटर टॅब्लेट खाली घेऊन अमृताजवळ आला आणि इंग्रजीत विचारता झाला, हे काय चाललंय? ही माणसं एकमेकांना ओळखतात का?

मी अमृताकडे पाहिलं. तिच्या हातातली छत्री, म्हणजे गाइडची निशाणी, हळूहळू खाली येत होती. तिने पाठ केलेला सगळा इतिहास तिच्या डोळ्यांतून माघारी चाललेला मला दिसला. आता तो आयुष्यभर मला एकट्याला ऐकावा लागणार होता.

छत्री अर्ध्यावर थांबली.

"हा फेरीचाच भाग आहे," अमृता आधी मराठीत आणि मग इंग्रजीत म्हणाली. "सोळाशे चाळीस साली याच पुलावर एक धान्याचा व्यापारी सांगत सुटला की माझी बायको वारली. बायको मागेच उभी होती. ती गोष्ट मी आपल्या पाहुण्यांकडून करून घेते आहे."

"पण तो असं का सांगत होता?" वाउटरने विचारलं.

अमृताने बाबांकडे पाहिलं. "त्याचा इतिहासाला अजून उलगडा झालेला नाही."

"मग पुढे?"

"पुढे..." अमृता आईकडे बघत राहिली. सासूकडे असं बघताना मी तिला पहिल्यांदाच पाहत होतो. "पुढे बायकोने भर बाजारात नवऱ्याकडे एक मागणी केली. कुठली ते त्या स्वतः सांगतील."

आईने स्वेटर खाली ओढला. ती चिडलेली होती, पण सुनेची नोकरी बुडवण्याइतकी नाही. शिवाय अशी संधी चाळीस वर्षांत आली नव्हती.

"सगळ्यांना सांगा, मी जिवंत आहे म्हणून!"

बाबांमधला इन्स्पेक्टर जागा झाला. ते पुलाच्या कठड्याला पाठ लावून उभे राहिले. "माझी बायको जिवंत आहे!"

"मोठ्याने!"

"माझी बायको जिवंत आहे हो!"

"आणि स्वयंपाक?"

"उत्कृष्ट! अपचनाचा काही संबंध नव्हता! जास्त खाण्याचा होता, आणि तो माझा!"

"आणि चहा?"

बाबा अडखळले. हे संहितेत नव्हतं. खालच्या बोटीतली माणसं मान वर करून बघत होती, एक बाई सायकलवरून उतरली होती, आणि अमृता वाक्यामागून वाक्य इंग्रजीत सांगत होती. "चहा," असं म्हणून ती थांबली. सगळा पूल थांबला.

"उद्यापासून मी," बाबा म्हणाले.

टाळ्या वाजल्या. बोटीतून कुणीतरी शिट्टी मारली. सायकलवाल्या बाईने आईशी हस्तांदोलन केलं आणि बाबांशी केलं नाही. वाउटर डोळे पुसत म्हणाला, इतकी वर्षं या धंद्यात आहे, पण एकमेकांना न ओळखणारी माणसं इतक्या कमी वेळात इतकी जवळ आलेली मी कधी पाहिली नाहीत. आणि त्याने अमृताला तिथेच नोकरी दिली. हे मी पहिल्यांदाच सांगतो आहे.

काकूंनी पर्समधून खोबऱ्याची वडी काढली आणि अर्धी अर्धी करून आई-बाबांना भरवली. "नुसत्या नाटकात एवढं भांडण जमतं, तर संसारात किती जमेल! मी म्हणते, आता उशीर करू नका."

त्यांनी उशीर केला नाही. संध्याकाळपर्यंत इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर बातमी होती. तेव्हापासून मंडळाच्या कार्यक्रमांना आई-बाबा वाङ्‌निश्चय झालेलं जोडपं म्हणून जातात. लोक त्यांना खिडकीजवळची जागा देतात आणि थोडा वेळ एकटं सोडतात. बाबा चहा करतात. तो वाईट असतो. आई तो पिते आणि म्हणते, पहिला नवरा बरा होता.

एकच घोटाळा उरला आहे. वाउटरला ती गोष्ट इतकी आवडली की त्याने ती छापील माहितीपत्रकात घ्यायचं ठरवलं, आणि छापायची तर पुराभिलेखागारातला पुरावा हवा. पुरावा हंगाम सुरू व्हायच्या आत दिला नाही तर नवीन चाचणी-फेरी, नवीन अनोळखी माणसं. अमृताने सगळी दप्तरं चाळली. सोळाशे चाळीस साली लायडनमध्ये कुठल्याही नवऱ्याने असला मूर्खपणा केल्याची नोंद नाही. पुन्हा अनोळखी व्हायची आमच्या घरात कुणाचीच ताकद उरलेली नाही, म्हणून मी थेट नगरपालिकेला लिहिलं आहे:

प्रति, मा. महापौर, लायडन. विषय: सन १६४० मधील घटना पूर्वलक्षी प्रभावाने घडवून मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, मौजे कोर्नब्रुख येथे एक धान्य-व्यापारी (नाव आपल्या सोयीने) व त्याची पत्नी (हयात) यांचेमध्ये भर बाजारात जाहीर वाद झाला होता, असे आपल्या स्तरावरून सन १६४० पासून मंजूर करण्यात यावे. सदर वादास तत्कालीन दोन साक्षीदार नेमण्यात यावेत. आणि सदर घटना त्या काळी घडवून आणणे काही तांत्रिक कारणास्तव शक्य नसल्यास, ती का घडली नाही याचा लेखी खुलासा संबंधित व्यापाऱ्याकडून तातडीने मागविण्यात यावा, ही नम्र विनंती.