स्मरणार्थ शांतवन मास्तर

"मेलेल्या मानसाला पेरू कशाला रं?" शांतवन मास्तरांनी दारातूनच विचारलं. "थडग्यावर मांडायला आनलेस व्हय?"

उंबऱ्याबाहेर नोहा उभा होता. बेलापुरात त्याचं विजेच्या मोटारी रिवायंडिंगचं दुकान. तिथला मळका शर्ट बदलायलाही तो थांबला नव्हता. हातात राहात्याच्या पेरूंची पिशवी होती आणि ती कुठं ठेवावी हे त्याला कळत नव्हतं.

"मास्तर, माजं ऐकून तर घ्या. तुमच्याच मोबाईलवरून आलं हुतं..."

"माज्या मोबाईलवरून? म्हंजी मी मेलो आन् मीच तुला कळवलं? वा रे बहाद्दर! चोर तो चोर, वर शिरजोर!" ओरडताना पोटाचे टाके ओढले जात होते, म्हणून मास्तरांनी एक हात पोटावर दाबून धरला होता. दुसऱ्या हातानं त्यांनी पिशवीला असा फटका मारला की पेरू गल्लीभर पळाले. "तुला जागा पायजे हुती ना माजी? म्हनून जित्ता गाडलास मला. पर ध्यानात ठेव नोहा, मी असा हात धुऊन तुज्या मागं लागनार हाय, की परत पेटीला हात लावायची छाती व्हायची न्हाई तुजी."

नोहा रिकामी पिशवी घेऊन परत गेला. आत पडद्याआड मास्तरांची सून राजनंदिनी उभी होती. तिनं सगळं ऐकलं आणि कुकरखालचा गॅस उगाचच बारीक केला.

प्रकरण असं होतं. श्रीरामपुरात किंवा आसपासच्या गावांत कुणा ख्रिस्ती घरी मयत झालं, की चर्चच्या पाळकांच्या बरोबरीनं निरोप जायचा तो शांतवन मास्तरांना. गळ्यात बाजाची पेटी अडकवून कबरस्तानात उभं राहायचं आणि रडणाऱ्या माणसांना गाण्यावर आणायचं, हे त्यांचं जन्माचं काम. शाळेत ते कधी शिकवायला गेले नव्हते; गल्लीतल्या पोरांना पेटी शिकवली म्हणून मास्तर. नोहा त्यातलाच. सगळ्यांत गुणी, सगळ्यांत लाडका. पुढं त्यानं कीबोर्ड घेतला, स्वतःची गाणी बांधली, स्वतंत्र कार्यक्रम सुरू केले, आणि तेव्हापासून मास्तरांनी त्याच्यावर दात धरला होता. त्याचं नाव निघालं की ते खाकरून थुंकायचे.

अलीकडं मयताचे निरोपही मोबाईलवर यायला लागले होते. मुलगा डॅनी पुण्याला नोकरीवर जाताना त्यांना सोशल मीडियाचं अकाउंट उघडून देऊन गेला होता. मास्तर रोज सकाळी त्यावर एक गाणं टाकत. गाव सोडून लांब गेलेली माणसं आईबाप गेले की तिथंच लिहायची, 'मास्तर, तुमीच पायजे.' हे 'तुमीच' मास्तरांना भाकरीपेक्षा प्यारं होतं.

मग हर्नियाचं ऑपरेशन निघालं. नगरच्या दवाखान्यात काही दिवस काढून मास्तर घरी परतले, मोबाईल हातात घेतला, तर अकाउंट उघडेना. राजनंदिनीनं तिच्या मोबाईलवरून पाहिलं. मास्तरांच्या फोटोच्या वर बारीक अक्षरं आली होती, 'स्मरणार्थ'. आणि बोंब उठवली होती नोहानं. 'माझे गुरू शांतवन मास्तर प्रभूमध्ये निजले' अशी पोस्ट त्यानं फोटोसकट टाकली होती. मास्तर जिवंत आहेत हे कळल्यावर ती काढूनही टाकली, पण तोवर गावोगाव पोचली होती. वर अकाउंटच्या कंपनीलाही मास्तर वारल्याचं त्यानंच कळवलं होतं, आणि तसं चारचौघांत सांगितलंही होतं. आता बोला!

मास्तर बाजारात निघाले की लोक थांबून बघायचे. "काय मास्तर, कुटं गेल्ता म्हनं?" एकानं विचारलं आणि सगळी टपरी हसली. तेही सोसलं असतं. पण तिसगावकडच्या एका घरी मयत झालं आणि 'मास्तर तर गेले' म्हणून त्यांनी नोहाला बोलावलं. नोहा गेला नाही, हे मास्तरांना कुणी सांगितलं नाही. बोलावलं, एवढंच कानावर आलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणतात ते हेच.

"अकाउंट परत आन," ते सुनेला म्हणाले. लग्न होऊन घरात आल्यापासून त्यांनी तिला सरळ सांगितलेलं हे पहिलंच काम असावं. राजनंदिनी तिसगावच्या शेतकरी हिंदू घरातली. डॅनीनं तिच्याशी लग्न केलं ते मास्तरांच्या नाकावर टिच्चून. पुण्यात खोली मिळेपर्यंत ती इथं राहणार होती, आणि ती खोली काही मिळत नव्हती. मास्तर तिच्याशी भिंतीकडं बघून बोलायचे. "भाकरी झाली का," हे भिंतीला विचारायचे.

आता मात्र भिंत सोडून मोबाईलकडं बघावं लागलं. जिवंत असल्याचा पुरावा म्हणून कंपनीला व्हिडिओ पाठवायचा होता.

"डोकं डावीकडं वळवा, पप्पा. आता उजवीकडं. आता थोडं हसा."

"हसू कशाला? मेलेला मानूस हसतो व्हय?"

"जिवंत आहात म्हणूनच हसायचं आहे."

कंपनीचं उत्तर आलं. राजनंदिनीनं इंग्रजी वाचून मराठीत सांगितलं, "आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत, असं म्हणताहेत." म्हणजे कंपनीनं शांतवनाचंच शांतवन केलं! मग आधार कार्ड पाठवलं. त्यावर नाव शांतवन त्रिभुवन. अकाउंटला नाव शांतवन मास्तर. कंपनीचं म्हणणं पडलं की मास्तर वारले, हे त्रिभुवन कोण?

"ह्या समद्याचं उट्टं काढतो का न्हाई बघ," मास्तर म्हणाले. नोहावरचा राग असा दिवसेंदिवस मुरत गेला. पहाटे प्रार्थनेला बसले तरी तोंडात शापाचीच स्तोत्रं येत, आणि आमेन म्हणताना जीव कसा गार व्हायचा!

रविवारी उपासना सुटल्यावर त्यांनी ख्रिस्ती देवळाच्या आवारात माणसं गोळा केली. पोट धरून बाकावर चढले. "आज ह्यानं माजं केलं, उद्या तुमचं करील. तुमी नांदूरला लग्नाला गेलेले, आन् हितं तुमच्या फोटोला हार! असल्या मानसाचं अकाउंट ठेवायचं का? काढा मोबाईल. नोहाच्या पानावर जावा. तक्रार मारा. समद्यांनी मारा. माज्यासमोर मारा!"

कुणी भिडेखातर, कुणी गंमत म्हणून मोबाईल काढले. पाळक म्हणाले, "मास्तर, क्षमा करायची असते हो." मास्तर म्हणाले, "करनार ना. आदी बंद तर पडू दे." ज्यांना जमत नव्हतं त्यांचं बोट धरून त्यांनी दाबून घेतलं. पुण्याला डॅनीला फोन करून त्याच्या मित्रांनाही कामाला लावलं.

आणि पडलं की बंद! नोहाचं पान नाहीसं झालं. त्यानं बांधलेली, गायलेली सगळी गाणी त्यावरच होती. जुना मोबाईल पाण्यात पडल्यापासून दुसरीकडं कुठं काही ठेवलेलं नव्हतं. ही बातमी बेलापूरच्या एका म्हाताऱ्यानं आणली. मास्तरांनी ती पुन्हा एकदा सांगायला लावली, सगळी, पहिल्यापासून.

"मटन आनतो," ते सुनेला म्हणाले. भिंतीकडं न बघता म्हणाले. "झनझनीत कर."

जेवताना त्यांनी नळी फोडून चोखली, बोटं चाटली, पोटाला सोसणार नाही हे माहीत असून रस्सा पुन्हा वाढून घेतला. राजनंदिनीनं ताटात घास नुसता फिरवला. "का गं, जमलंय की," मास्तर म्हणाले. सुनेचं कौतुक त्यांनी कधी केलं नव्हतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मास्तरांना वाटलं, तिखटानं आलं.

राजनंदिनी कंपनीला कागद पाठवतच होती; त्यानंतर थोड्याच दिवसांनी त्यांचं अकाउंट परत मिळालं. 'स्मरणार्थ' गेलं. मास्तरांनी देवाचे आभार मानले आणि लगेच खुर्ची ओढून बसले. "आता त्या भाडखाऊनं काय काय लिवलंय ते वाच. समदं वाच. पोलिसांना दावायचंय. एवढ्यावर सोडनार न्हाई मी त्याला."

"पप्पा, राहू द्या ना आता."

"वाच म्हन्तो ना!"

राजनंदिनीनं नोहाचे निरोप उघडले आणि वाचायला लागली. ऑपरेशनच्या दिवशी संध्याकाळी नोहानं लिहिलं होतं, 'मास्तर, तुमी दवाखान्यात हाय म्हनं. तब्येत कशी हाय?' त्याच्याखाली मास्तरांच्या मोबाईलवरून उत्तर गेलं होतं. इथं ती थांबली.

"पुढं?"

"पप्पा निजले आहेत," तिनं वाचलं.

"हे कुनी लिवलं?"

"मी. तुम्ही निजला होतात. सलाईन चालू होतं. मोबाईल माझ्याजवळ होता. ते विचारत होते, म्हणून लिहिलं. मग बॅटरी संपली, आणि चार्जर घरी राहिला होता."

"अगं बाई, आमच्यात निजला म्हंजी मेला! निजले असं कुनी लिवतं व्हय? झोपले म्हनायचं, झोपले! आमच्या घरात पोरगं पाळन्यात असलं तरी कुनी निजलं म्हनत न्हाई!"

"मला कोण सांगणार?" राजनंदिनीचा आवाज चढला. आजवर या घरात तो चढला नव्हता. "आमच्या तिसगावला रोज रात्री सगळे निजतात आणि सकाळी उठतात! इथं काय म्हणायचं, काय नाही, हे तुम्ही कधी सांगितलंत? माझ्याशी बोललात का एकदा तरी? पोस्ट बघितली तेव्हाच मला कळलं, माझ्या शब्दानं झालं. पण ते नोहाभाऊ दारात आले तेव्हा तुम्ही काय केलंत ते मी बघत होते. मी सांगितलं असतं तर मला ठेवलं असतंत या घरात?"

खरं उत्तर दोघांनाही माहीत होतं.

ती पुढचं वाचत गेली, आता न थांबता. 'मास्तर?' 'कोन लिवतंय? डॅनी, तू हायस का?' 'फोन लागत न्हाई.' 'खोटं हाय म्हना.' मग, 'मास्तर, मी श्रीरामपूरला तुमच्या दारात हाय. कुलूप हाय. शेजारचे म्हनले समदे नगरला गेले.' त्यानंतर एक आवाजातला निरोप होता. राजनंदिनीनं तो लावला. नोहा गात होता. माती देताना म्हणायचं गाणं, मास्तरांनीच शिकवलेलं, पेटीशिवाय, रस्त्यावरच्या गाड्यांच्या आवाजात. वरच्या पट्टीत गेल्यावर त्याचा आवाज फाटला आणि तो लहान पोरासारखा रडायला लागला. शेवटचा निरोप दोन ओळींचा होता. 'कंपनीला कळवलंय. असं केलं म्हंजी तुमचं पान कायम ऱ्हातं म्हनं, कुनी पुसत न्हाई.'

"त्याला लिव," मास्तर कसंबसं म्हणाले. "लिव, मास्तर बोलावतायत."

"कुठं लिहू, पप्पा?" राजनंदिनीनं मोबाईल त्यांच्यापुढं धरला. नोहाच्या फोटोच्या जागी राखाडी गोळा होता. नाव नव्हतं. निरोप जात नव्हता.

दुसऱ्या दिवशी मास्तर बेलापूरला गेले. टाके नीट भरले नव्हते, तरी रिक्षातून दणके खात गेले. दुकानात नोहा मांडी घालून मोटारीत तांब्याची तार भरत होता. त्यानं मान वर केली, बघितलं आणि पुन्हा तारेत घातली. त्याच्या बायकोनं, ग्रेसनं, आतून खुर्ची आणून ठेवली. मास्तर बसले नाहीत.

"नोहा, चुकलं माजं," ते उभ्यानंच म्हणाले. "आमच्या सूनबाईनं लिवलं हुतं. तिला ठावं नव्हतं. मी काल ऐकलं समदं." नोहा तार भरतच राहिला, तेव्हा त्यांनी घाईघाईनं पुढं सांगितलं, "तिला फारम भरायला येतो. तुजं पान परत आनू आपन. गानी परत येतील समदी."

"नको."

"नको कसं? तुजी गानी हायेत ती."

"गानी तुमचीच हुती. शब्द तेवढे माजे." नोहानं तारेचा वेढा बोटानं दाबून बसवला. "मास्तर, तुमी गेलात असं कळलं तवा मी तुमच्या दारात बसून रडलो. पोटभर रडलो. मग तुमी जित्ते निघालात, तर मला वाटलं देव पावला. पेरू घिऊन आलो." त्यानं पुढची तार ओढून घेतली. "त्या दिशी तुमी गेलात बगा. आता न्हाई रडायला येत."

"रैवारी गायला तरी ये. माज्यासाठी नको, मंडळीसाठी ये."

"गानं सोडलं मी. कीबोर्ड इकला. तुमीच म्हनला हुतात ना, पेटीला हात लावायची छाती व्हायची न्हाई. न्हाई झाली." तो रागानं बोलत नव्हता. गिऱ्हाइकाला मोटार कधी मिळेल हे सांगावं, तसं सांगत होता.

मास्तरांच्या खिशात मोबाईल वाजला. पुन्हा वाजला, मग वाजतच राहिला. ते जिवंत असल्याची बातमी एव्हाना पुण्या-मुंबईला पोचली होती. अकाउंटवर लोक देवाची स्तुती लिहीत होते.

"वाजतंय तुमचं," नोहा म्हणाला. "बगा, कुनी बोलावत असंल."

मास्तरांनी खिशावर हात दाबून धरला. ग्रेसनं चहा आणला. आलेल्या माणसाला चहाशिवाय पाठवायचं नाही म्हणून आणला. तिनं वर बघितलं नाही. मास्तरांनी तो उभ्यानंच, शेवटपर्यंत प्यायला. मग दुकानाबाहेरच्या नळावर कप विसळला, आत आणून फळीवर पालथा घातला, आणि रिक्षाची वाट बघत रस्त्याच्या कडेला जाऊन उभे राहिले.