फाटकावरचं पोटवालं अक्षर

मी म्वाला अध्यापक कॉलेजच्या फाटकावरचा फलक बोलतोय. आवाज जरा फाटका येईल, सांभाळून घ्या. काल माझ्या तोंडावरून पत्र्याची खरवडणी फिरली, आणि इतकी वर्षं आपण नक्की कोण होतो हे मला कालच कळलं. त्या धक्क्यातून मी अजून सावरलेलो नाही.

जन्म माझा देद्झाच्या डोंगरातला. म्लोंब्वाचं झाड होतो तेव्हा धुक्यात उभं राहायचं आणि अंगाखांद्यावर माकडं नाचवायची, एवढंच काम होतं. मग करवत आली, रंधा आला, आणि एका गार सकाळी मला पांढरा रंग फासून दोन खांबांच्या मधे चढवलं. माणसांचा जीव कधीमधी टांगणीला लागतो. माझा तेव्हापासून कायमचा तिथेच आहे.

कॉलेजचे पहिले प्राचार्य बांबो म्क्वापाटिरा (आमच्याकडे पुरुषाला आदरानं बांबो म्हणतात) शिडीखाली उभे राहून मजकूर सांगत होते आणि रंगारी बांबो फन्वेल शिडीवरून लिहीत होते. मजकूर म्हणजे कॉलेजचं ध्येय, इंग्रजीतलं, सरकारात नोंदवलेलं: प्रत्येक गावात अमुक करील असा शिक्षक घडवणे. त्या अमुकापाशी कुंचला थांबला.

"बांबो, 'रीड' ना?"

"हो हो, लीड."

"तेच म्हणतोय मी. रीड."

"मग लिहा की. रंग वाळतोय."

इंग्रजीत L नं सुरू होणारं 'लीड' म्हणजे पुढारपण करणं आणि R नं सुरू होणारं 'रीड' म्हणजे वाचणं. पण आमच्या मुलखात ल आणि र ही जुळी भावंडं. एकाला हाक मारली की दुसरं ओ देतं आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. फन्वेलनी लिहिलं, ते शिडीवरून उतरले. प्राचार्यांनी वर पाहिलं आणि कपाळावर हात मारला. का मारला, ते मला कळलं नाही. माझ्या तोंडावर काय लिहिलंय ते मला दिसत नाही. लोक मोठ्यानं वाचतात तेवढंच मला ऐकू येतं.

"उद्या दुरुस्त करू," प्राचार्य म्हणाले.

दुसऱ्या दिवशी फन्वेल रंगाचा डबा घेऊन येतायत, तोच नासिबेको नावाची बाई धापा टाकत आली. दोन्ही हातांत एकेक बाटली होती. गुडघे वाकवून तिनं नमस्कार केला आणि म्हणाली, "बांबो, यातली एक बकरीच्या गोचिडांची आणि एक माझ्या नातीच्या खोकल्याची. माझ्या सुनेनं दोन्ही एकाच फळीवर ठेवल्या. नात सकाळपासून खोकतेय आणि मला तिला पाजायची भीती वाटते. तुमचा पहारेकरी म्हणाला, इथले मास्तर गावाला वाचून दाखवणार असं फाटकावर लिहिलंय. मग हे वाचा."

प्राचार्यांनी वाचून दिलं. खोकल्याची बाटली त्यांनी तिच्या उजव्या हातात ठेवली. ती गेल्यावर त्यांनी वर माझ्याकडे पाहिलं आणि फन्वेलना म्हणाले, "राहू दे."

ते 'राहू दे' म्हणजे काय, ते मला काल कळलं.

त्यानंतर कॉलेजला वाचनाचं वेडच लागलं. फाटकाजवळच्या मोठ्या उंबराखाली आठवड्याच्या बाजारादिवशी विद्यार्थी बसायचे आणि गाव हातात काय काय घेऊन यायचं. खताची पिशवी, दवाखान्याचं कार्ड, बियाण्याचं पाकीट. आधी वाचून देणं आणि मग शिकवणं. नासिबेको वाट बघत उभी राहायची ती माझ्यासमोर, आणि खालून माझ्याच अक्षरांवर बोट धरून, ती हवेत गिरवत शिकली. आता ती सगळ्या गावाची अगोगो आहे, आजी. त्याच उंबराखाली झियोने काचाले नावाची मुलगी शिक्षिका झाली आणि आज तीच इथली प्राचार्या आहे. बांबो म्क्वापाटिरा मात्र केव्हाच मातीआड झाले आणि ते 'राहू दे' आपल्याबरोबर घेऊन गेले.

मी काय, फुशारून गेलो. कॉलेजचं ध्येय कुठं असतं? माझ्या तोंडावर. आणखी काय पाहिजे?

मग मूल्यांकनाची वर्दी आली. राजधानीहून समिती येणार आणि तुमचं ध्येय काय, तुम्ही खरंच तसं वागता का, हे ताडून बघणार. जुळलं तर मान्यता. नाही जुळलं तर यंदा नवे प्रवेश बंद आणि डोंगरातल्या पोरींना शहराच्या कॉलेजात जा म्हणायचं, म्हणजे घरी बसा म्हणायचं. मायी झियोने, म्हणजे झियोनेबाई, कामाला लागली. सगळ्यांना ध्येय तोंडपाठ पाहिजे म्हणून तिनं विद्यार्थ्यांना माझ्यासमोर उभं करून घोकून घेतलं आणि स्वयंपाकिणीलाही सोडलं नाही. ती बिचारी मक्याच्या पिठाची न्सिमा घोटता घोटता ध्येय म्हणायची आणि न्सिमा खाली लागायची.

काल समिती आली. प्रमुख डॉक्टर तियांजाने म्सोसा, आमच्याच बोलीतल्या, करड्या पण पोटातून हसणाऱ्या. त्यांनी पहिल्यांदा स्वयंपाकिणीलाच गाठलं. तिनं गुडघे वाकवून न अडखळता ध्येय म्हटलं. डॉक्टरबाईंनी मान डोलावली. त्यांना 'लीड' ऐकू आलं, तिनं 'रीड' म्हटलं होतं, आणि दोघीही खूश.

"आता दाखवा," डॉक्टरबाई मायी झियोनेला म्हणाल्या, "हे गावागावात कसं चालतं?"

"उंबराखाली चालतं, मायी. दर बाजाराला. म्हाताऱ्या बायकासुद्धा करतात."

"म्हाताऱ्या बायका? कुणाचं?"

"एकमेकींचं. एक करते, बाकीच्या ऐकतात."

"आणि गावचा मुखिया काही म्हणत नाही?"

"तोही येतो की. त्याला अजून नीट जमत नाही, पण आम्ही धीर देतो."

डॉक्टरबाईंच्या कपाळावर आठी चढली. त्या फाटकाकडे आल्या, माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि त्यांनी मला वाचलं. मोठ्यानं नाही, डोळ्यांनी. असं मला आजवर फार थोड्यांनी वाचलंय.

"मायी काचाले," त्या हळूच म्हणाल्या, "इथं या शब्दाचं पहिलं अक्षर कुठलं आहे?"

"र."

"माझ्याकडच्या सरकारी नोंदीत ल आहे. तुमचं ध्येय पुढारपण करणारे शिक्षक घडवणं हे आहे. वाचणारे नाही."

मायी झियोनेच्या तोंडचं पाणी पळालं.  आणि मी? माझ्या खांबांखालची जमीन सरकली. जन्मभर ज्या ध्येयाचा तोरा मिरवला, ते ध्येय नव्हतंच, ती चूक होती. चुकीचं सोंग घेऊन मी फाटकात उभा होतो आणि सगळं कॉलेज माझ्या नादाला लागलं होतं.

डॉक्टरबाई वाईट नव्हत्या. आपल्या माणसांची जीभ त्यांना ठाऊक होती. त्या म्हणाल्या, "एका अक्षराचा तर प्रश्न आहे. आम्ही जेवून येतो, तोवर हे नीट करून घ्या. मी आधी काही पाहिलं नाही. पुढारपणाचं काय करायचं, ते आपण हळूहळू बघू."

म्हाताऱ्या फन्वेलना बोलावणं गेलं. शिडी त्यांना चढवेना, म्हणून मलाच खाली उतरवून भिंतीला टेकवलं. पत्रा फिरला. सांगतो, करवतीनं इतकं दुखलं नव्हतं. मायी झियोने पाठ करून उभी होती. जुनं अक्षर गेलं, ओलं नवं आलं. समिती जेवून हात पुसत आली. डॉक्टरबाईंनी बघितलं आणि लेखणी काढली.

तेवढ्यात अगोगो नासिबेको काठी टेकत उंबराकडे निघाली होती. ती थांबली आणि सवयीनं तिनं माझ्यावर बोट धरलं.

"माझं अक्षर कुठं गेलं?"

तिनं काठी त्या ओल्या जागेवर रोखली.

"इथं पोटवालं अक्षर होतं, पाय पुढे टाकून उभं. आता हे खाली बसलंय. कुणी बसवलं याला?"

"अगोगो," मायी झियोने कशीबशी म्हणाली, "दोन्ही म्हणायला एकच आहेत."

"म्हणायला असतील, पोरी. एकच असती तर तुम्ही मला दोन कशाला शिकवलीत? औषधाच्या दोन बाटल्याही दिसायला एकच होत्या. इथं 'वाचा' लिहिलं होतं म्हणून मी आत आले. आता काय लिहिलंय?"

झियोने रडली. सगळ्यांसमोर, कॉलेजची प्राचार्या. मग डोळे पुसून ती डॉक्टरबाईंकडे वळली. "मायी, खोटं नका लिहू. आम्ही कुणाचे पुढारी नाही. आम्ही वाचतो. मी पण ते या फलकावरूनच शिकले."

"मग नोंदीतलं ध्येय रीतसर बदलून घ्यावं लागेल. तोवर प्रवेश बंद राहतील, काचाले. यंदाचे सगळे. कळतंय ना?"

"कळतंय. यंदाच्या पोरींना मी काय सांगू, ते मला अजून माहीत नाही. पण खोटं सांगून आत घेणार नाही."

डॉक्टरबाईंनी लेखणी मिटली. गाडीत बसण्याआधी त्या अगोगोसमोर गुडघे वाकवून गेल्या, हे मी भिंतीला टेकल्या टेकल्या पाहिलं.

आज मी तसाच आहे. तोंडावर काल झियोनेनं अर्धवट पुसलेलं ल, खाली जुन्या र चा ओरखडा. फन्वेल डबा उघडून विचारतायत, "मायी, आता कुठलं? नीट सांगा."

झियोनेनं तोंडानं काही सांगितलं नाही. खडू घेऊन तिनं माझ्यावर पोट काढलं आणि पुढे टाकलेला पाय काढला.

यंदा फाटकातून नवी पोरगी येणार नाही. पुढच्या वर्षी येईल की नाही, ते राजधानीला ठाऊक. एक विनंती तेवढी आहे. कधी या वाटेनं आलात तर मला मोठ्यानं म्हणू नका, आमच्याकडे त्यानं काही कळत नाही. जरा थांबा, अगोगोसारखं बोट धरा आणि वाचा.